पाठीवरचे ओझे आणि मागचा माणूस

‘सॅक पुढे घ्या.’ मुंबईच्या लोकलमध्ये हे वाक्य कानावर पडल्यावाचून गर्दीच्या वेळचा प्रवास सहसा पुरा होत नाही. कधी त्याच्याआधी ‘ओ भाऊ’ असे संबोधन असते, कधी ‘काका’, कधी नुसते कोपर. क्रियापद आज्ञार्थी आहे, रूप आदरार्थी आहे आणि स्वरात आदर क्वचितच असतो. ज्याला उद्देशून ते म्हटले जाते तो बहुधा वाद घालत नाही. पट्टे खांद्यांवरून उतरवतो, पिशवी फिरवतो आणि छातीशी धरून उभा राहतो. शहरी शिष्टाचाराचा हा बारकासा विधी फार जुना नाही; माझ्या समजुतीप्रमाणे तो एका पिढीच्या आतबाहेरचा आहे. त्याच्यामागे असलेला ओझ्याचा इतिहास मात्र बराच लांबचा आहे, आणि तो केवळ सभ्यतेचा इतिहास नाही.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. ‘सॅक’ हा शब्द आपण ‘रकसॅक’चे शेपूट म्हणून घेतला. मूळ जर्मन शब्दात पाठ आहे आणि पिशवी आहे. आपण पाठ गाळली आणि पिशवी ठेवली. ‘पाठपिशवी’ असा प्रतिशब्द करून पाहिला तर तो कोशात शोभेल, डब्यात कोणी उच्चारणार नाही. याउलट सामान वाहण्याच्या साधनांचे जुने मराठी शब्द पाहावेत: गाठोडे, बोचके, वळकटी, झोळी, पोतडी, पडशी, बटवा. यांतले गाठोडे डोक्यावर जाते, वळकटी काखोटीला मारली जाते, झोळी खांद्याला अडकते, बटवा कनवटीला किंवा कमरेला असतो. पाठीवर बांधावयाची म्हणून खास अशी एकही वस्तू या यादीत नाही. हे मला अर्थपूर्ण वाटते. पाठीवर ओझे असते ते बैलाच्या, गाढवाच्या आणि हमालाच्या. ‘ओझ्याचा बैल’ ही शिवी तशी सौम्य, पण तिच्यात पाठीवरच्या भाराविषयीचे आपले सामाजिक मत पुरते उतरले आहे.

यांपैकी पडशीपाशी थोडे थांबावेसे वाटते. पडशी म्हणजे मध्ये तोंड असलेली दुहेरी पिशवी. ती खांद्यावर टाकली की अर्धा भार पुढे येतो, अर्धा मागे जातो. कावडीचेही तेच तत्त्व: खांद्यावर आडवी काठी, एक भार पुढे, एक मागे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकले आणि परतताना आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन आले. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’मुळे ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. त्या ग्रंथाचे वाचन आपण बंडाचा साक्षीपुरावा म्हणून करतो. पण पायी चालणाऱ्या माणसाने सामानाशी कसा संसार केला याचाही तो पुरावा आहे. पायवाटेवर मागून येणाऱ्याला आपल्या पडशीचा धक्का लागण्याचे फारसे कारण नव्हते, आणि लागलाच असता तर त्याला बाजूला सरकण्यास माळरान मोकळे होते. अर्धे ओझे डोळ्यांसमोर असल्यामुळे माणसाला आपल्या एकूण आकाराचा अंदाजही असे. आधुनिक सॅकचा मूळ दोष हाच की ती वाहणाऱ्याच्या नजरेआड असते. माणूस तिच्यासह मोठा झालेला असतो आणि त्याला ते माहीत नसते.

पण पडशीचे गुणगान करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रतिष्ठित माणूस स्वतःचे ओझे वाहतच नसे. गोडसे भटजी गरीब भिक्षुक होते म्हणून वाहत होते. अंमलदार फिरतीवर निघाला की त्याचे सामान एका गावाच्या शिवेपासून दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवण्याची सक्ती गावच्या महारांवर असे. ही वेठ पेशवाईत होती आणि इंग्रजी अमलातही ती सुटली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, त्यामागे अशा कामांचा शतकानुशतकांचा जाच होता. वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा ‘स्वतःचे ओझे स्वतः वाहावे’ हे आज आपल्याला सहज वाटणारे तत्त्व या समाजात मुळीच सहज नव्हते. पाठीवर पिशवी घेऊन ऑफिसला जाणारा व्यवस्थापक हे दृश्य शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईकराला विनोदी वाटले असते. त्याला वाटले असते, याचा गडी आज आला नाही काय?

इथे जपानकडे क्षणभर वळतो, कारण तिथे हा प्रश्न एका शाळेने उघडपणे हाताळला. टोकियोतील गाकुशुइन ही उमरावांच्या मुलांची शाळा. मुले घोडागाडीतून, रिक्षातून येत. दप्तर नोकर आणीत. १८८५ मध्ये शाळेने हे बंद केले आणि मुलांनी आपले साहित्य आपण, पाठीवर, आणावे असा नियम घातला. नमुना घेतला तो सैनिकाच्या पाठीवरच्या पिशवीचा. १८८७ मध्ये इतो हिरोबुमी यांनी युवराजाला शाळाप्रवेशानिमित्त कातडी पाठदप्तर भेट दिले आणि त्या वस्तूला राजमान्यता मिळाली. जपानी मूल आजही जे ‘रांदोसेरु’ पाठीवर घेते, त्याचे नाव सैनिकी पिशवीच्या डच शब्दावरून आले आहे. पाठीवरचे ओझे हे तिथे समतेचे चिन्ह म्हणून आले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे ते चिन्ह इतक्या सरळ वाटेने आले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तिच्या चौदा डब्यांत चारशेच्या आसपास निमंत्रित होते. गर्दीचा प्रश्न त्या दिवशी नव्हता. तो तिसऱ्या वर्गाने आणला. आगगाडीने जे अनेक उलथेपालथ केले त्यांतला एक असा की, परस्परांना शिवू नये अशी व्यवस्था असलेल्या माणसांना तिने एका बाकावर बसवले आणि त्यांची गाठोडी एकमेकांच्या मांडीला टेकवली. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जे लिहिले त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासाचे वर्णन आहे. बावीस प्रवाशांसाठी असलेल्या त्या डब्यात पुढे त्याहून कितीतरी अधिक माणसे कोंबली गेली. त्या लेखाचे मला नेहमी कौतुक वाटते ते त्याच्या दुधारीपणामुळे. प्रवाशांच्या घाणेरड्या सवयींना ते सोडत नाहीत. आणि प्रवासी असे वागतात म्हणून रेल्वेने त्यांना जनावरासारखे वागवावे हेही ते मान्य करत नाहीत. प्रवाशाला शिष्टाचार शिकवणे आणि व्यवस्थेला जाब विचारणे ही दोन कामे त्यांनी एका लेखात केली. आपण सामान्यतः यांपैकी एकच करतो, आणि बहुतेक वेळा पहिलेच.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांनी ओझ्याचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. त्याच्या पुष्कळ आधी, १८९०च्या सुमारास, महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा उद्योग उभारला होता. डबेवाल्यांचे आपण व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून आलेले कौतुक ऐकतो. पण गर्दीच्या इतिहासात त्यांचे स्थान वेगळेच आहे. सकाळच्या गाडीत चाकरमानी रिकाम्या हाताने चढू शकतो, कारण त्याचे जेवण नंतरच्या गाडीने, लगेजच्या डब्यातून, दुसऱ्याच्या डोक्यावरच्या लांबलचक पाटीतून येत असते. ओझे गर्दीतून काढून वेगळ्या वेळी, वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवायचे, असा हा उपाय आहे. त्याच लगेजच्या डब्यात कोळणी माशांच्या पाट्या घेऊन बसतात. त्यांना बायकांच्या डब्यात येऊ न देण्यामागे जागेचा प्रश्न किती आणि वासाचा किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

रिकाम्या हाताचा तो चाकरमानी पूर्ण रिकामा कधीच नव्हता. छत्री होती, वर्तमानपत्र होते, पुढे ब्रीफकेस आली. ब्रीफकेस हा गर्दीतला सभ्य शेजारी म्हणता येणार नाही, तिचे कोपरे गुडघ्यांना लागत. पण ती उभी धरली तर माणसाच्या पायाजवळच्या पोकळीत मावे. साहित्यिक, शिक्षक, कार्यकर्ते यांच्या खांद्याला शबनम असे आणि ती गर्दीत मवाळपणे चेपली जाई. (त्या पिशवीतल्या कवितांचेही तेच होत असावे, पण तो वेगळा विषय.) सॅक तेव्हा डोंगरावर होती. १९५०च्या दशकात गिरिविहारसारख्या संस्था मुंबईत निघाल्या. शनिवारी रात्री कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत पाठीवर बोजा घेतलेली पोरे दिसू लागली. मध्यमवर्गीय मराठी माणसाने पाठीवर ओझे घ्यायला संकोच सोडला तो मला वाटते सह्याद्रीत. तिथे हमाल मिळत नाही, आणि मिळाला तरी घेण्यात कमीपणा असतो.

दुसरी वाट शाळेची. ‘दप्तर’ हा फार्सीतून आलेला शब्द. त्याचे मूळ कातड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दात सांगतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात तो कागदांच्या रुमालांसाठी शोभतो आणि तोच शब्द आपण सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर दिला. हे दप्तर आधी हातात, मग एका खांद्यावर आणि अखेर दोन पट्ट्यांनी पाठीवर गेले, ते वजन वाढत गेले म्हणून. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपले पहिले भाषण या ओझ्यावर केले. एका कादंबरीकाराने संसदेत काय बोलावे याचा तो नमुना आहे. पुढे १९९३ मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असा आदेश काढला. ज्या पिढीने हे दप्तर पाठीवर वाहिले, तीच पिढी एकविसाव्या शतकाच्या आरंभी लॅपटॉप घेऊन लोकलमध्ये चढू लागली. तिला पाठीवर पिशवी घेण्यात ना हमाल दिसला ना गिर्यारोहक. ती तिची बालपणापासूनची सवय होती. ब्रीफकेस पाहता पाहता नाहीशी झाली.

आता गणिताकडे येऊ. लोकलच्या गर्दीचे वर्णन करताना दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी असे प्रमाण सांगितले जाते. पंधरा धरले तर एका माणसाच्या वाट्याला सुमारे सहाशे सदुसष्ट चौरस सेंटीमीटर जागा येते. तीस सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर फुगलेली सॅक सहाशे चौरस सेंटीमीटर जागा व्यापते. म्हणजे ऐन गर्दीत प्रत्येक सॅक हा जवळजवळ एक बिनतिकिटाचा प्रवासी आहे. पाठीवरून छातीवर घेतल्याने हा प्रवासी गाडीतून उतरत नाही. फरक पडतो तो इतकाच की त्याचा भार आता मालकाला दिसतो, त्याच्या दोन्ही हातांच्या वेढ्यात राहतो, आणि मालक वळला की मागच्याचा चष्मा पडत नाही. जागा खऱ्या अर्थाने वाचते ती सॅक वरच्या फळीवर गेली तर, किंवा बसलेल्याच्या मांडीवर.

पुढे घेण्याची पद्धत परोपकारातून आली असे मानण्याचा मोह टाळावा. ती पाकीटमाराच्या भीतीतून आली असावी असा माझा कयास आहे. मागच्या कप्प्याची साखळी कोणी केव्हा उघडली हे पाठीला कळत नाही. म्हणून शहाण्या प्रवाशाने पिशवी डोळ्यांसमोर घेतली. मागच्याची सोय हा त्या शहाणपणाचा अनुषंगिक लाभ. पुष्कळसे शिष्टाचार असेच स्वार्थाच्या पोटी जन्मतात आणि पुढे आईबापांचे नाव सांगत नाहीत. मांडीवर पिशवी घेण्याच्या प्रथेचे मात्र मला असे स्पष्टीकरण देता येत नाही. उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची बॅग बसलेला माणूस न बोलता हात पुढे करून घेतो, आपल्या बॅगेवर ठेवतो आणि त्याचे स्थानक आले की परत देतो. कधी तीन-तीन बॅगा मांडीवर घेऊन माणूस मुलुंडपासून मशीदपर्यंत झोपतो. यात त्याचा फायदा काय? फार तर इतकाच की ती बॅग त्याच्या तोंडाशी लोंबकळत नाही.

या प्रथेवर मोठा आघात झाला तो ११ जुलै २००६ रोजी. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि एकशेऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटके पिशव्यांतून आणून डब्यात ठेवली गेली असे तपासयंत्रणांनी सांगितले. (जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या खटल्यातील बाराही दोषसिद्धी रद्द केल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, म्हणजे त्या पिशव्या कोणाच्या होत्या याचे सर्वमान्य उत्तर एकोणीस वर्षांनंतरही मिळालेले नव्हते.) त्यानंतर फळीवरची बॅग ही वस्तू राहिली नाही, ती शंका झाली. ‘ही बॅग कोणाची?’ हा प्रश्न डब्यात मोठ्याने विचारला जाऊ लागला. दहशतीमुळे लोकांनी सामान फळीवरून उतरवून अंगाशी घेतले असेल, तर सॅकने डब्यात पुन्हा जागा व्यापण्यास तेही एक कारण घडले असणार. शिष्टाचार आणि सुरक्षा यांनी इथे परस्परविरुद्ध दिशांना ओढले. एक म्हणत होता, ओझे वर ठेवा. दुसरी म्हणत होती, नजरेआड करू नका. मांडीवर बॅग घेण्याची पद्धत तरीही टिकली, हे मला आजही पूर्णपणे उमगलेले नाही.

टोकियोच्या भुयारी रेल्वेने १९७४ पासून प्रवाशांच्या वागणुकीवर भित्तिपत्रके काढण्यास आरंभ केला. ती विनोदी असत आणि कलाकृती म्हणून नावाजली गेली. आपल्याकडे त्यांचा उल्लेख ‘बघा, शिस्त अशी असते’ या सुरात होतो. पण त्या शिस्तीच्या देशातही, खासगी रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रवाशांना त्रासदायक वर्तनाबद्दल विचारले तेव्हा सामान धरण्याची आणि ठेवण्याची रीत ही पहिल्या क्रमांकाची तक्रार ठरली. चाळीसेक वर्षांच्या सूचनाफलकांनंतरची ही स्थिती आहे. माणसे उद्धट असतात एवढेच त्यावरून सिद्ध होत नाही. पाठीला डोळे नसतात आणि डब्याला लवचीकपणा नसतो, हेही सिद्ध होते.

हा सारा विषय ज्या घटनेमुळे मला गंभीर वाटू लागला ती ९ जून २०२५ची. दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यानच्या वळणावर, सकाळच्या गर्दीत, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकणारे प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा मृत्यू झाला. त्या दिवशीच्या पहिल्या खुलाशांत सॅकचा उल्लेख होता: दारातल्या प्रवाशांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्या असाव्यात. काही महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीतील निष्काळजीपणाबद्दल रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. रेल्वेच्या बाजूने त्याचा तीव्र प्रतिवाद झाला. दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. मला जे नोंदवायचे आहे ते खुलाशाच्या क्रमाविषयी. प्रथम बॅग आठवली, रूळ नंतर. ‘सॅक पुढे घ्या’ या वाक्यात अपघाताचे कारण सापडते असे वाटणे किती सोपे होते!

दारातल्या माणसाची भूमिती मी त्यानंतर पुष्कळदा पाहिली आहे. पायऱ्यांवर तो आत तोंड करून उभा असतो, कारण दांडा आत आहे. सॅक पाठीवर असेल तर ती गाडीबाहेर असते. शेजारून जाणाऱ्या गाडीला, खांबाला लागू शकणारी. म्हणून आतला एखादा जाणता माणूस ओरडतो, ‘अरे, सॅक पुढे घे!’ तो कशीबशी एका हाताने घेतो. आता वीस सेंटीमीटरची पिशवी त्याच्या छातीच्या आणि आतल्या माणसाच्या पाठीच्या मध्ये आहे. आतला माणूस सरकू शकत नाही, कारण त्याच्याही पुढे कोणाची तरी सॅक आहे, तिचीही पुढे घेतलेली. तेव्हा दारातल्याची छाती वीस सेंटीमीटर मागे जाते, आणि जिथे मघाशी त्याची पिशवी होती तिथे आता त्याची पाठ असते.